त्रिशलाबाईंचं प्रतिहृदय

मनगटातून सरकवलेली नळी हृदयाजवळ पोचली होती. समोरच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मुळांसारख्या पसरलेल्या दिसत होत्या. तेवढ्यात त्रिशला मगदूम म्हणाल्या, "डॉक्टर, मला नको हे."

डॉ. घोरपड्यांना वाटलं, बाईंना दुखतंय. "जरा कळ काढा. थोडंच राहिलंय."

"दुखत नाही. स्प्रिंग नको मला. काढा नळी."

घोरपड्यांनी हात थांबवला. मिरजेच्या त्या केंद्रात नव्या स्टेंटची, बाईंच्या भाषेत स्प्रिंगची, चाचणी सुरू होती. नावं देऊन मागे फिरलेले लोक त्यांनी पाहिले होते, पण थेट टेबलावरून कुणी माघार घेतली नव्हती. नियम मात्र स्पष्ट होता. रुग्णाला कोणत्याही क्षणी बाहेर पडता येत होतं, तेही कारण न सांगता. त्यांनी एकदा शांतपणे समजावून पाहिलं, मग नळी काढून घेतली आणि मनगटावर पट्टी बांधली.

कारण विचारलं असतं तरी बाईंना सांगता आलं नसतं. त्या घाबरल्या होत्या, बस. खोली गार होती. यंत्राचा हात छातीवर वाकला होता, आणि आपल्या आत काहीतरी कायमचं बसणार, या विचारानं त्यांचं धाबं दणाणलं होतं.

त्रिशलाबाईंची जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीत मेस होती. इंजिनिअरिंगची पोरं सकाळी सातपासून नाश्त्याला यायची, नंतर दुपारचे आणि रात्रीचे डबे. पंचवीस वर्षं, आणि बँकेत नोकरी करणारी सून आल्यावरही, पहाटे चारला उठून कणीक मळणं, भाज्या टाकणं आणि भट्टीपाशी उभं राहणं, हे सगळं त्यांच्याकडेच होतं. नवरा सुकुमार बाजार आणि बँक बघायचा, मुलगा अभिनंदन डबे पोचवायचा. मागच्या उन्हाळ्यात जिना चढताना बाईंच्या छातीत दाब यायला लागला. तपासणीत हृदयाच्या पुढच्या मोठ्या वाहिनीत पाऊणएक अडथळा निघाला. तिथून त्या चाचणीत आल्या.

चाचणीत दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे स्टेंट. वाहिनी उघडी धरायची, औषध सोडत राहायचं आणि दोनेक वर्षांत विरघळून जायचं, असं त्याचं काम होतं. दुसरी गोष्ट जास्त मोठी होती. पूर्वी असा उपचार खरंच उपयोगी आहे का हे ठरवायला रुग्णांचे दोन गट करत. एकाला उपचार देत, दुसऱ्याला देत नसत, आणि वर्षानुवर्षं दोघांवर लक्ष ठेवत. त्यात ज्याच्या वाट्याला 'नाही' यायचं, त्याला वाटायचं, आपल्याला वाऱ्यावर सोडलं. आता तो दुसरा गट माणसांचा राहिला नव्हता. प्रत्येक रुग्णाच्या स्कॅनवरून, रक्तावरून, जनुकांवरून आणि मनगटी घड्याळात जमलेल्या झोपेच्या, श्रमाच्या नोंदींवरून संगणकात त्याच्या हृदयाची हुबेहूब प्रत बांधली जाई. तिला प्रतिहृदय म्हणत. रुग्णाला स्टेंट मिळे, प्रतिहृदयाला मिळत नसे. गावात उष्म्याची लाट आली, फ्लूची साथ आली, की ती प्रतिहृदयालाही लागू केली जाई. रुग्ण आणि त्याचं प्रतिहृदय असे दोघं शेजारी शेजारी जगत. दोघांत जो फरक पडेल तो स्टेंटचा, असा सरळ हिशेब होता.

बाईंनी माघार घेतली, पण त्यांचं प्रतिहृदय आधीच चालू झालं होतं. ते कुणी बंद केलं नाही.

त्या संध्याकाळी सुकुमार वॉर्डात आला. त्यानं आधी मनगटावरची पट्टी पाहिली, मग तोंडाकडे.

"बसली का नीट?"

"हूं," बाई म्हणाल्या.

खोटं बोलायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. तो भेदरलेला दिसत होता. आता नको, घरी गेल्यावर सांगू, असं त्यांना वाटलं. पण तोवर सुकुमारनं बाहेर जाऊन अभिनंदनला, बाईंच्या भावाला आणि बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, मंडळींना फोन करून टाकले होते, "स्टेंट बसला, देवाची कृपा." कागदपत्रं सगळी बाईंच्या फोनमध्ये होती, आणि बाईंचा फोन उघडून बघायची त्या घरात कुणाला सवय नव्हती. माघार घेणाऱ्याची माहिती केंद्र घरच्यांनाही देत नसे.

घरी आल्यावर जे झालं त्याची बाईंनी कल्पनाच केली नव्हती. अभिनंदननं चपात्यांचं यंत्र आणलं. दुपारच्या भाज्यांना एक बाई ठेवली. आणि पहाटे चारला सुकुमार स्वतः उठला. पहिले काही दिवस मीठ कमी-जास्त झालं, पोह्यांचा लगदा झाला, पोरांनी कुरकूर केली. मग त्याचा हात बसला. बाई भट्टीकडे वळल्या की तो ओरडायचा, "छातीत स्प्रिंग आहे तुझ्या! लांब हो!" गोळ्या पूर्वी त्या आठवल्या तर घ्यायच्या. आता सुकुमार हातावर गोळी ठेवून पाणी पिईपर्यंत समोर उभा राहायचा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हटल्यावर सकाळी त्यांना कुणी हाक मारेना. त्या मैदानाला फेऱ्या मारू लागल्या, मग उदगावच्या रस्त्यानं नदीपर्यंत जाऊ लागल्या. पावसाळा संपता संपता जिन्यावरचा दाब गेला.

"बघितलंस, स्टेंटनं काय काम केलं ते?" सुकुमार म्हणायचा.

सांगायची वेळ रोज यायची आणि रोज जायची. खरं सांगितलं तर यातलं काय उरेल, हे बाईंना ठाऊक होतं.

सव्वा वर्षानं डॉ. नाजनीन बागवान यांचा फोन आला. चाचणीचा शेवटचा अहवाल त्या लिहीत होत्या. मध्येच सोडून गेलेले रुग्ण हिशेबात धरायचे नसत, पण ते हयात आहेत की नाहीत एवढी नोंद घ्यायची असे. फोन सुकुमारनं उचलला.

"त्रिशलाताई बऱ्या आहेत ना?"

"एकदम ठणठणीत! तुमचा स्टेंट झकास चाललाय मॅडम. नदीपर्यंत चालत जातीय."

नाजनीननी नाव पुन्हा ताडून पाहिलं. त्यांच्यासमोरच्या नोंदीत स्टेंट नव्हता. आणि त्याच ओळीत पुढे लिहिलं होतं की या बाईंचं प्रतिहृदय मागच्या श्रावणात बंद पडलं.

"त्यांच्याशी बोलता येईल का?" त्यांनी विचारलं.

दोन दिवसांनी सकाळी त्या जयसिंगपूरला आल्या. मैदानाच्या कडेच्या बाकावर दोघी बसल्या. नाजनीन पस्तिशीच्या होत्या, बोलणं सरळ.

"काकू, दुसरीकडे कुठे स्टेंट घालून घेतला का तुम्ही?"

"नाही."

"मग काका म्हणाले ते..."

"त्यांना म्हाईत नाही. मी सांगितलंच नाही."

नाजनीननी मान हलवली आणि प्रतिहृदय थांबल्याचं सांगितलं. 

"थांबलं म्हंजे?"

"म्हणजे हिशेबाप्रमाणे तुम्ही गेलात."

"कधी?"

"श्रावणात. पहाटेच्या वेळी. एवढंच कळतं त्यातून."

"मग कणीक मळतानाच," बाई म्हणाल्या. त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. गार वारा नव्हता.

"मग मी जित्ती कशी?"

"तेच मला शोधायचंय. नशीब असू शकतं. किंवा आमच्या प्रतिहृदयात खोट असू शकते. तुमच्यासारखे चाचणी सोडून गेलेले बरेच आहेत. एक गृहस्थ खरोखर गेले, प्रतिहृदय थांबलं त्याच महिन्यात. पण हिशेबात गेलेली आणि प्रत्यक्षात चालतीबोलती अशी आणखी चार माणसं मला सापडलीत. सगळी स्टेंटशिवाय."

"मग लिहून टाका की तसं."

"नुसतं लिहून चालत नाही. पुन्हा अँजिओग्राफी लागेल. आणि तुम्ही या वर्षात कशा राहिलात, कधी उठलात, कधी झोपलात, घरात काय बदललं, हे सगळं लागेल. घरच्यांनाही विचारावं लागेल."

बाई उठून उभ्या राहिल्या. "घरच्यांना नको."

"सक्ती नाही," नाजनीन म्हणाल्या. "पण हा अहवाल असाच गेला तर पाऊण अडथळा असलेल्या प्रत्येकाला स्टेंट घालायचा, असं धोरण होईल. काहींना तो हवाच असतो. पण ज्यांना नको त्यांनाही बसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या लागतील, त्यातून कुणाला रक्तस्राव होईल. तेव्हा ती माणसं दिसणार नाहीत. आत्ता तुम्ही पाचजण दिसताय."

त्या कार्ड बाकावर ठेवून गेल्या.

बाईंनी आठवडा काढला. या काळात सुकुमार रोज चारला उठत होता, गोळी देत होता, शेजाऱ्यांना स्टेंटचं कौतुक सांगत होता. पलीकडच्या गल्लीतल्या एकाला छातीत दुखायला लागलं तेव्हा तो बाईंच्या समोरच म्हणाला, "विचार कसला करतोस? सरळ स्टेंट घाल. आमच्या घरी बघ की." ते ऐकून बाईंना राहवेना. दुपारी डबे गेल्यावर दोघं लसूण सोलत बसले होते, तेव्हा त्यांनी सांगितलं.

सुकुमारला आधी समजेचना. "म्हंजे काढला का परत?"

"घातलाच नव्हता. मी नको म्हटलं."

त्यानं हातातली पाकळी ताटात टाकली. "सव्वा वर्ष!" मग आवाज चढला. "सव्वा वर्ष मी तुझ्या छातीत स्प्रिंग आहे म्हणून जीव मुठीत धरून हिंडलोय. सगळ्या गावाला सांगितलंय. एवढा परका वाटलो होय तुला?"

"परके नाही वाटलात. अहो, मी घाबरले होते. आणि नंतर..."

"नंतर काय?"

"नंतर सांगितलं असतं, तर तुम्ही पहाटे चारला उठला असता?"

 सुकुमारनं लसणाची सालं गोळा केली आणि तो उठून बाहेर निघून गेला.

दुसऱ्या पहाटे गजर झाला. तो उठला नाही. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग स्वतः उठून भट्टी पेटवली. चपात्यांचं यंत्र होतं, दुपारची बाई होती, तरी नाश्त्याचा सगळा भार पूर्वीसारखा त्यांच्यावर आला. फिरायला जाणं राहिलं. सुकुमार बोलत नव्हता आणि गोळीही देत नव्हता. मांडणीवरून घेऊन त्या आपल्या आपण गिळत. अभिनंदननं एकदाच विचारलं, "आई, मग आता तू बरी आहेस की नाहीस?"  आठवड्यानं बाई गच्चीवर कपडे वाळत घालायला चढल्या आणि शेवटच्या पायरीवर बसूनच राहिल्या. दाब आला होता. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. पण सुकुमार खालून बघत होता.

तो वर आला. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. "त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दे," म्हणाला. आठवड्यातलं पहिलं वाक्य.

पुन्हा मिरज, पुन्हा तीच गार खोली. या वेळी नळी आत असताना बाई पडद्याकडे बघत राहिल्या. घोरपड्यांनी चित्र बारकाईनं पाहिलं, नाजनीनना बोलावलं आणि दोघांनी परत पाहिलं.

नंतर चौघं एका टेबलाशी बसले.

"अडथळा जवळपास होता तेवढाच आहे," घोरपडे म्हणाले. "पण त्याच्या बाजूनं केसाएवढ्या वाहिन्या रुंद झाल्यात. मोठा रस्ता अडला की गाड्या गल्लीबोळातून जातात ना, तसं रक्त वळसा घेतंय. रोजच्या चालण्यानं असं होऊ शकतं. सगळ्यांचं होत नाही, एवढं तर क्वचितच. तुमचं झालंय."

नाजनीननी तोवर सुकुमारला आणि अभिनंदनला प्रश्न विचारून नोंदी घेतल्या होत्या. त्यांनी बाईंचं प्रतिहृदय पुन्हा सुरुवातीपासून चालवलं, पण या वेळी खऱ्या दिनक्रमावर. चालणं, वेळेवर गोळ्या, पुरेशी झोप, भट्टी नाही. ते थांबलं नाही. मग गेल्या पंधरवड्याचा दिनक्रम पुढे लावून बघितला. या वेळी पडद्यावरची रेघ दीडेक वर्षानं आडवी झाली.

"म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं," नाजनीन म्हणाल्या. "आम्ही त्याला सांगितलं होतं की या बाईंच्या घरात काहीही बदलणार नाही. त्यानं ते खरं धरलं. सगळ्याच प्रतिहृदयांना आम्ही तसंच सांगितलं होतं."

सुकुमार पडद्यावरच्या आडव्या रेघेकडे बघत होता. मग त्यानं असा प्रश्न विचारला की बाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"डॉक्टर, आता स्टेंट घातला तर तिला पूर्वीसारखं काम चालेल का?"

घोरपडे म्हणाले, "दुखणं कमी होईल. काम करता येईल. आयुष्य वाढेल, असं मी आता छातीठोक सांगणार नाही. घालायचा असेल तर उद्याही घालू. पण निर्णय बाईंचा."

सगळे बाईंकडे वळले. स्टेंट घेतला तर घर पुन्हा जुन्या वळणावर जाईल, त्यांना स्पष्ट दिसलं. कुणाला काही सोडावं लागणार नाही, कुणावर रागवावं लागणार नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "तेव्हा भिऊन नको म्हटलं होतं. आता भिऊन नाही म्हणत. परत दुखायला लागलं आणि तुम्ही म्हणालात, तर घेईन. पण मला भट्टीपाशी उभं करायला म्हणून नको."

सुकुमारचा चेहरा उतरला. "मी तसं नव्हतो म्हणत."

"तसंच म्हणत होता," बाई म्हणाल्या, रागानं नव्हे.

 "बरं," तो म्हणाला. "चारला मी उठतो. सव्वा वर्ष उठलोच की. स्टेंट नसताना उठलो, हे तेव्हा म्हाईत नव्हतं एवढंच."

बाईंचे डोळे भरून आले. विषय इथं संपला असता. पण नाजनीन अजून नोंदींचा तक्ता बघत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"काका, तुम्ही रात्री झोपता किती वाजता?"

"रात्रीचे डबे परत येऊन, भांडी लागून... बारा वाजतात."

"आणि चारला उठता. सव्वा वर्ष. दुपारी झोपता?"

"बाजार कोण करणार मग?"

"छातीत कधी दाब? जबडा, डावा हात?"

सुकुमार हसला. "पित्त आहे हो मला. पहाटे जळजळतं जरा. भट्टी पेटवली की."

कुणी हसलं नाही. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आपण नदीपर्यंत चालत होतो, रात्रभर नीट झोपत होतो, तेव्हा ते सगळं कुठून येत होतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. घरातला भार कमी झालाच नव्हता. तो एका छातीवरून उचलून दुसरीवर ठेवला होता.

सुकुमारचा स्कॅन त्याच आठवड्यात झाला. दोन वाहिन्यांत थर जमायला लागला होता. अजून निम्म्याच्या खाली होता, पण वाढता. नाजनीननी त्याचंही प्रतिहृदय बांधलं, आणि या वेळी बाईंच्या प्रतिहृदयाशी जोडून चालवलं, एका घरातली दोन हृदयं म्हणून. असं आजवर कुणी केलं नव्हतं. एकाची झोप वाढवली की दुसऱ्याची रेघ खाली जायची. पहाटेचं काम या बाजूला टाका नाहीतर त्या बाजूला, बेरीज तेवढीच राहायची. नाजनीननी अहवालाची दिशाच बदलली. स्टेंटच्या फायद्याचं प्रकरण त्यांनी काटछाट करून लहान केलं, कुणाला तो खरंच लागतो ते नेमकं लिहिलं. चाचणीला पैसा पुरवणारी मंडळी नाराज झाली, घोरपड्यांना दिल्लीला दोनदा उत्तरं द्यायला जावं लागलं. पण धोरण अडलं.

हे सगळं पुढे झालं. स्कॅनच्या दिवशी सुकुमार आत फिरत्या पट्ट्यावर चालून हृदयाची तपासणी देत होता आणि त्रिशलाबाई बाहेर बाकावर, त्याचा चष्मा आणि घड्याळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काचेतून तो दिसत होता. छातीला वायरी चिकटवलेल्या, धापा टाकत चाललेला. शर्टाशिवाय तो एवढा खंगलेला दिसतो, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी फोन काढला आणि अभिनंदनला लावला.

"उद्यापासून सकाळचा नाश्ता बंद. फक्त डबे."

"आई, काय बोलतेस! पोरं दुसऱ्या मेसला जातील."

"जाऊ देत. राहतील ती राहतील."

"अगं, पण सकाळी खातील काय ती?"

"वीस वर्षांची पोरं आहेत. पोहे भिजवायला शिकतील."

तो आणखी काही बोलत होता. बाईंनी फोन ठेवला. थोड्या वेळानं सुकुमार टॉवेलनं छाती पुसत बाहेर आला आणि त्यांच्या शेजारी बसला. श्वास अजून बसायचा होता.

"कुणाला फोन करत होतीस?"

"अभीला. सकाळचा नाश्ता बंद म्हटलं, तर ओरडला जरा. उद्या सातला उठायचं आपण."

"सातला?" सुकुमारनं चष्मा घातला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दोघांनी?"

"दोघांनी."

तो विचारात पडला. "आणि मग करायचं काय?"

बाईंनाही लगेच सुचलं नाही. दोघं तसेच बाकावर बसून राहिले, आणि जरा वेळानं त्यांना हसू यायला लागलं.